गुरुजींच्या माडीवरचे तेरा दिवस

तबल्याची चाट, लव आणि शाई ही तीन ठिकाणं मी डोळ्यांनी नीट बघायच्या आधी बोटांनी ओळखायला शिकले. मी पाचवीत होते, १९७१ चा डिसेंबर होता, पाकिस्तानशी लढाई चालू होती आणि औरंगाबादेत आमच्या भागात संध्याकाळी कुणी दिवे लावत नव्हतं. पुढं आयुष्यभर तबला वाजवला, शिकवला, पण त्या दिवसांबद्दल कधी सविस्तर लिहिलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात टीव्हीवर 'ब्लॅकआउट' हा शब्द पुन्हा ऐकला आणि जे आठवलं ते आता कागदावर उतरवते आहे.

आमचा क्लास औरंगपुऱ्यात एका जुन्या वाड्याच्या माडीवर भरायचा. लाकडी जिना, जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग, आत सतरंजी. एक तंबोरा, दोन पेट्या (त्यातल्या एकीचा भाता फाटलेला) आणि तबल्याची एकच जोडी. फी महिन्याला तीन रुपये. गुरुजी निजामाच्या राज्यात वाढलेले, शाळा उर्दूतून झालेली. मराठी बोलता बोलता मधेच 'हौ' किंवा 'नक्को' यायचं, आणि एखाद्या लेकरानं जागा बरी घेतली की 'वा बेटे!' म्हणून मांडीवर थाप मारायचे. आम्ही अठरा-वीस मुलं-मुली होतो. संध्याकाळी साडेसहा ते आठ गाणं, आणि रविवारी सकाळी मोठ्या मुलांची भारुडं, पोवाडे, नाटुकल्यांची तालीम. आज अशा जागेला कलासंकुल वगैरे म्हणतील. आम्ही 'माडीवर जाते' म्हणायचो.

मी तिथं गेले ती ताईच्या मागं. ताई गाणारी, हे घरात ठरलेलंच होतं. तिचा गळा आईकडून आलेला. मला नुसतं सोबत म्हणून धाडलं होतं, पण फी भरलीच आहे तर हिलाही बसवा, असं झालं. भूप, दुर्गा, काफी असे सोपे राग मी सगळ्यांबरोबर म्हणायची. आवाज बेसूर नव्हता. पण गाताना माझं सगळं ध्यान मात्रांवर असायचं. ठेका आता कुठं पोचलाय, खाली (ठेक्याचा हलका भाग) आली का, सम (पहिली मात्रा) किती दूर आहे, हे मला तबल्याकडं न बघता कळायचं. सगळ्यांनाच असं कळत असेल, अशी माझी समजूत होती.

तबल्यावर एक दादा बसायचे. कॉलेजात शिकायचे आणि होमगार्डमध्ये होते. दिवाळीत मी एकदा आईला म्हणाले होते, की मला तबला शिकायचाय. आईनं हातातलं पोळपाट-लाटणं तसंच ठेवलं. मुलीच्या जातीनं चारचौघांत तशी मांडी घालून बसायचं नाही, गाणं शिकतेस तेवढं पुष्कळ, असं तिनं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण तो विषय तिथंच मिटला. तेव्हा आमच्या ओळखीत तबला वाजवणारी एकही बाई नव्हती, त्यामुळं मलाही आईचं म्हणणं खरंच वाटलं.

त्या वर्षी मी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेचा फॉर्म भरला होता. ताईची त्याच्या वरची परीक्षा. १२ डिसेंबरला, रविवारी, परीक्षक येणार होते. मनमाडला मोठ्या गाडीतून उतरून मीटर गेजच्या लहान गाडीनं त्यांना आमच्याकडं यावं लागायचं.

३ डिसेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर बाँब टाकले. आम्हाला ते रात्री कळलं. नाना, म्हणजे माझे वडील, रेडिओला कान लावून बसले होते, आणि मध्यरात्रीनंतर इंदिरा गांधी बोलल्या तेव्हा आम्हा मुलांनाही कुणी झोप म्हणालं नाही. आजी मात्र कुणी न सांगता उठली आणि देवघरातली समई सोडून सगळे दिवे मालवत फिरली. म्हणाली, "रझाकारांच्या वक्ताला असंच बसायचो. दार लावून, लेकरांच्या तोंडावर हात ठेवून." आमच्या मराठवाड्यातल्या त्या पिढीला अंधारात बसायची सवय १९४८ पासूनच होती. पोलीस ॲक्शन होईपर्यंत गावोगाव लोकांनी तशाच रात्री काढल्या होत्या. आजीचे हात त्या रात्री इतके सराईतपणे चालले, की मला लढाईपेक्षा तिचीच जास्त भीती वाटली.

शनिवारी खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले. मोटारींच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग आला. खाम नदीच्या पलीकडं छावणी, म्हणून आमच्या भागात जरा जास्तच काळजी. दोघा-तिघांच्या वडिलांनी माडीवर येऊन गुरुजींना विचारलं, क्लास बंद ठेवायचा का? गुरुजी म्हणाले, मुलांना न्यायला-आणायला मोठं माणूस येत असेल तर मी शिकवतो. बाकी काही बोलले नाहीत.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी माडीच्या खिडक्यांना घोंगड्या बांधल्या आणि आत कंदील लावला. अर्ध्या तासात धुरानं सगळी मुलं खोकायला लागली. वीस माणसं, बंद खोली आणि रॉकेलचा कंदील. गाणं म्हणायला श्वासच पुरेना. मग गुरुजींनी कंदील विझवला, घोंगड्या वर केल्या आणि म्हणाले, "दिवाच नसल्यावर खिडकी उघडी ठेवायला काय हरकत?" थंड हवा आत आली. अंधार क्लासनं असा स्वतःहून घेतला.

पौर्णिमा गुरुवारी होऊन गेली होती, त्यामुळं शनिवारी क्लास अर्ध्यावर आला तेव्हा चंद्र उगवला. समोरच्याचं डोकं, तंबोऱ्याचा भोपळा, एवढं तरी दिसत होतं. पण चंद्र रोज उशिरा उगवायचा. सोमवार-मंगळवारपासून आम्ही घरी गेल्यावरच तो दिसायला लागला आणि माडीवर स्वतःचा हातसुद्धा दिसेना.

पहिले दोन दिवस नुसता गोंधळ. वह्या बघून गायची आम्हाला सवय. वही दिसेना तर अर्ध्या जणांना अंतराच आठवेना. एरवी गुरुजी नुसत्या भुवईनं, नाहीतर बोट वर करून सांगायचे, ते सगळं बंद पडलं. मग त्यांनी शिकवायची पद्धत बदलली. सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि एकेकाला नुसता 'सा' लावायला सांगितलं. नाव सांगायचं नाही. ते ऐकून ओळखणार. वीसातले सतरा त्यांनी ओळखले. तीनदा चुकले. त्यातली एक चूक मी विसरणार नाही. एक 'सा' आला, सरळ, न हलणारा, काळी चारच्या (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या) सुरात विरघळलेला. गुरुजी म्हणाले, "ही थोरली," म्हणजे आमची ताई. ताई माझ्या शेजारी होती आणि तिचा 'सा' अजून लागायचाच होता.

तो आवाज दारापाशी बसणाऱ्या मुलीचा होता. ती पैठणकडच्या एका खेड्यातली, शिकायला मावशीकडं राहिलेली. वडील फौजेत. चार महिन्यांत आम्ही तिला तोंड उघडून गाताना पाहिलं नव्हतं. शहरातल्या मुलींसमोर तिला तिच्या बोलण्याची लाज वाटायची. 'कामून' म्हणाली की मागच्या रांगेतल्या मुली तोंड दाबून हसायच्या, आणि त्या हसण्यात मीही होते. लिहितानाही त्याचा त्रास होतो. त्या रात्री तिला कुणी बघत नव्हतं. गुरुजी म्हणाले, "बेटा, पुन्हा लाव." तिनं लावला. मग पंचम, मग वरचा 'सा'. आवाज जराही बारीक न होता वर गेला. हसायचं कुणालाच सुचलं नाही.

दुसरा एक मुलगा होता, आठवीतला. त्याचा घसा त्याच वर्षी फुटला होता. गाताना आवाज मधेच चिरायचा, म्हणून तो क्लास सोडायच्या बेतात होता. त्याच्या घरी रेडिओ होता, माडीवर नव्हता. गुरुजींनी त्याला सांगितलं, रोज येताना बातम्या ऐकून ये आणि आम्हाला सांग. तो अंधारात उभा राहून बातम्या द्यायला लागला. आकाशवाणीवरच्या निवेदकासारखा श्वास कुठं घ्यायचा, आकडा कसा सुटा उच्चारायचा, वाईट बातमी आवाज न कापता कशी सांगायची, हे सगळं त्याच्या अंगात होतंच. 'खुकरी' बुडाली हे आम्हाला त्याच्याच तोंडून कळलं. ९ तारखेच्या रात्री आपली ती युद्धनौका पाणबुडीच्या माऱ्यानं गेली होती. त्यानं तेवढी बातमी सांगितली आणि बसला. गुरुजींनी त्या दिवशी तंबोरा बराच वेळ नुसता वाजत ठेवला.

पण त्याच्याही आधी, ५ तारखेला, रविवारी, एक गोष्ट घडली. परीक्षा आठवड्यावर आलेली, म्हणून क्लास संध्याकाळीही होता. ताई तिच्या वहीतलं विष्णु दिगंबर पलुस्करांचं चरित्र तोंडपाठ म्हणून दाखवत होती. जन्म १८७२, कुरुंदवाड. लहानपणी शोभेच्या दारूनं डोळ्यांना इजा. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं शिक्षण. आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर इथं गांधर्व महाविद्यालयाची स्थापना.

'लाहोर' म्हटल्याबरोबर ती थांबली. हे वाक्य तिनं शंभरदा घोकलेलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ते तिच्याच कानाला ऐकू आलं असावं. अंधारात कुणीतरी विचारलं, "गुरुजी, लाहोर म्हणजे पाकिस्तान ना? आपण पाकिस्तानातलं गाणं शिकतो का?"

गुरुजी लगेच काही बोलले नाहीत. मग त्यांनी पलुस्करांचीच गोष्ट सांगायला घेतली, आणि ती आमच्या वहीतल्यापेक्षा निराळी होती. दिसायला कमी लागलं म्हणून शाळा सुटली, कीर्तनकाराच्या त्या पोराला गाण्याकडं घातलं. वर्षानुवर्षं गुरूच्या घरी राहून, पडेल ते काम करून विद्या मिळवली. मग मिरज सोडली आणि गात गात उत्तरेकडं गेले. गाणं तोवर एकतर दरबारात नाहीतर उस्तादाच्या घरात. चांगल्या घरच्या लेकरानं गाणं शिकणं कमीपणाचं समजत. लाहोरला त्यांनी शाळा काढली. वर्ग, अभ्यासक्रम, लिहिलेले स्वर, परीक्षा. लोकांच्या वर्गणीवर चालणारी. १९०८ साली त्यांनी मुंबईतही शाळा काढली. मग त्यांचे शिष्य गावोगाव पांगले आणि त्या पांगण्यात कधीतरी हे गाणं आमच्या औरंगपुऱ्यात आलं.

"तुम्ही महिन्याला तीन रुपये आणता आणि मी ते घेऊन तुम्हाला शिकवतो," गुरुजी म्हणाले. "घंटेवर यायचं, वहीत उतरवायचं, आणि शिकायला कुणाचं नोकर व्हायचं नाही. ही रीत त्यांनी तिथं घालून दिली. लाहोरात. तेव्हा ते आपलंच शहर होतं. गाणं तिथं राहिलं नाही, की तिथून गेलंही नाही. बस, भूप म्हणा."

आम्ही भूप म्हटला. पण मला तो त्या दिवशी गोड लागला नाही. सकाळी शाळेच्या मैदानात आम्ही पाकिस्तान मुर्दाबादच्या घोषणा दिल्या होत्या आणि त्या मी मनापासून दिल्या होत्या. दारापाशी बसणाऱ्या मुलीचे वडील त्या क्षणी सरहद्दीवर होते. गुरुजी चुकीचं बोलले असं वाटेना, आणि बरोबर आहेत असं म्हणायचा धीर होईना. घरी जाऊन मी ही गोष्ट नानांना सांगितली नाही. दुसऱ्या कुणीतरी सांगितली, कारण दोन दिवसांनी एका मुलाच्या वडिलांनी त्याला क्लासमधून काढलं. जिन्यावर उभं राहून ते गुरुजींना टाकून बोलले. गुरुजींनी उलट उत्तर दिलं नाही. त्या महिन्याचे तीन रुपये मोजून परत दिले. तो मुलगा फार गुणी होता. पुन्हा आला नाही, आणि मला ते आजही गुरुजींच्या क्लासचं त्या लढाईतलं नुकसान वाटतं.

त्याच आठवड्यात तबल्यावरच्या दादांना रोज रात्रपाळी लागली. कुणाच्या खिडकीतून उजेड येतो का, हे बघत होमगार्डची मुलं गल्लोगल्ली फिरायची. माडीवर तबला गवसणीत पडून राहिला. गुरुजी एका हातानं तंबोरा छेडायचे, दुसऱ्या हातानं मांडीवर ताल धरायचे. थाप ऐकू यायची नाही, आणि वीस पोरांत लय कधी पळायची, कधी बसायची.

माझ्याकडं पत्र्याची कंपासपेटी होती. मी ती मांडीवर ठेवली होती आणि बोटं आपोआप चालत होती. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. खालीच्या चार मात्रांना मी डावा हात उचलून धरत होते, म्हणजे तिथं घुमारा कमी. हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. दादांचं ऐकून ऐकून बसलं होतं. दोन-तीन आवर्तनांनंतर मला जाणवलं, की सगळे माझ्या पेटीवर गातायत. मी घाबरून हात काढला. गाणं लगेच ढासळलं.

"कोण ठेका देतंय?" गुरुजींनी विचारलं.

मी गप्प.

"जो कोणी असेल त्यानं थांबू नये."

मी पुन्हा पेटीवर बोटं ठेवली. त्या दिवशी नाव विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी गवसणी सोडली आणि म्हणाले, "कालची कंपासपेटी कुणाची होती, त्यानं इकडं येऊन बसावं." ताईनं मला कोपरानं ढोसलं. तिला सगळं माहीत होतं. मी चाचपडत गेले. परकर आवरून, मांडी घालून बसले. आई काय म्हणाली होती ते आठवलं. पण चारचौघं असून नसल्यासारखे होते. कुणाला काही दिसत नव्हतं.

गुरुजींनी माझं उजवं बोट धरून कडेवर टेकवलं. "ही चाट." कातड्याचा वरचा पदर तिथं संपतो, बोटाला बारीक उंचवटा लागतो. मग बोट आत सरकवलं. "ही लव." गुळगुळीत, ताणलेली. मग मधोमध. "ही शाई." थंड, बारीक खरखरीत, पाटीसारखी. डग्ग्यावर शाई मधोमध नसते, एका अंगाला असते, हेही मला हातानंच कळलं. मनगट कुठं टेकायचं, ते किती दाबलं की घुमारा वर चढतो, हे त्यांनी माझ्या मनगटावर आपला हात ठेवून दाखवलं. दोन दिवस नुसता 'ता' आणि 'ना'. तर्जनी चाटेवर पडायची आणि अनामिका शाईच्या काठाला टेकलेली राहायची. अनामिका उचलली गेली की नाद मरायचा. डोळ्यांनी बघत असते तर मी गुरुजींच्या बोटांची नक्कल केली असती. दिसत नव्हतं, म्हणून मला फक्त नादावरून कळायचं, की बोट बरोबर पडलंय का. आजही मी लहान मुलांना पहिला आठवडा डोळे मिटून वाजवायला लावते. पालकांना ते विचित्र वाटतं.

बोटांची टोकं सुजली. घरी आई म्हणाली, काय झालं? मी म्हणाले, शाळेत दोरीउड्या. खोटं बोलले.

१० तारखेला गुरुजींना पत्र आलं, की गाड्यांच्या अडचणीमुळं परीक्षक येऊ शकत नाहीत, परीक्षा पुढं ढकलली आहे. ताई रडली. मला मनातून हायसं वाटलं. मला आणखी दिवस मिळाले होते. त्या आठवड्यात तीनताल सरळ लयीत बसला, दादरा आला आणि केरवा तर एका बैठकीत आला. धा गे ना ती, ना क धी ना. केरवा आला तेव्हा दारापाशी बसणाऱ्या मुलीनं आपण होऊन एक आराधी गाणं काढलं, तिच्या आईच्या तोंडचं, तुळजापूरच्या वाटेवर म्हणतात तसं. गुरुजींनी थांबवलं नाही. मी तिच्या मागं ठेका धरला. ती जिथं सूर लांबवायची तिथं मात्रा वाढायची, आणि मला वाट बघावी लागायची. गाणाऱ्याची वाट बघायची, त्याला ओढायचं नाही, ही साथीची पहिली गोष्ट मी तिच्याकडून शिकले.

१६ डिसेंबर, गुरुवार. आम्ही जिना चढत असतानाच गल्लीत आरडाओरडा सुरू झाला होता. बातम्यावाला मुलगा धापा टाकत आला आणि उभ्या उभ्या त्यानं सांगितलं, ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली. जनरल नियाझींनी जनरल अरोरांपुढं सही केली. त्याचा चिरणारा आवाज त्या दिवशी खरोखर चिरला, आणि त्यानं लपवलं नाही. पश्चिमेकडची लढाई दुसऱ्या दिवशी रात्री आठला थांबायची होती, पण आमच्या गल्लीनं दिवे त्याच संध्याकाळी लावले. दिवाळीतले उरलेले फटाके वाजायला लागले. गुरुजी म्हणाले, "आता गा. जे पाहिजे ते गा." आम्ही केरव्यात गायला लागलो. त्या गर्दीत कुणीतरी माडीवरचं बटण दाबलं.

पिवळा उजेड एकदम अंगावर आला. इतक्या दिवसांनी सगळ्यांचे चेहरे दिसले. मी तबल्यावर मांडी घालून बसलेली, परकर गुडघ्यापर्यंत वर आलेला, आणि दारात नाना उभे. हातात काचेवर निळा कागद लावलेली बॅटरी. मला न्यायला आले होते. त्यांनी मला बघितलं. माझे हात हवेत राहिले.

गुरुजींनी नानांकडं बघितलंच नाही. मला म्हणाले, "सम येऊ दे."

मी उरलेल्या मात्रा पुऱ्या केल्या. समेवर हात ठेवला. मग उठले.

रस्त्यानं पैठण गेटपर्यंत नाना काही बोलले नाहीत. लोक एकमेकांना पेढे देत होते. एकानं आमच्याही हातावर ठेवला. तेव्हा नानांनी विचारलं, "किती मात्रांचा होता?"

"आठ."

"हं," म्हणाले आणि अर्धा पेढा मला दिला.

आईला ते एवढ्यावर मिटलं नाही. तिनं मला मारलं नाही की बोलली नाही, पण पुढं दोन वर्षं ती तबल्याचा विषय निघाला की उठून आत जायची. नानांनी फी भरली, डग्ग्याला नवी पुडी (वरचं कातडं) घालून आणली. मी वाजवते ते बघायला आई पहिल्यांदा गणपतीत आली, तेव्हा मी सातवीत होते. मागं उभी राहिली आणि कार्यक्रम संपायच्या आत निघून गेली. तिची बाजूही आता मला कळते. मुलीचं लग्न ठरवायचं होतं तिला त्याच गावात.

२२ तारखेच्या आसपास दारापाशी बसणाऱ्या मुलीनं एक पत्र आणलं. महिनाभर तिला वडिलांचं काही कळलं नव्हतं. '५६ ए.पी.ओ.' एवढाच त्यांचा फौजी टपालाचा पत्ता, आणि त्या पत्त्यावर ती आठवड्याला एक पत्र टाकायची. तिला वाचून दाखवायचा धीर होईना, म्हणून गुरुजींनी ते बातम्यावाल्या मुलाकडं दिलं. त्यानं उभं राहून, बातम्या द्यायचा तसाच, एकेक वाक्य सुटं करून वाचलं. मी खुशाल आहे. तू अभ्यास कर. आपल्या विहिरीला पाणी किती आहे ते कळवावे. पेरणी झाली का ते कळवावे. त्या वर्षी पाऊस कमी झालेला होता आणि पुढच्या वर्षी तर आमच्याकडं दुष्काळच पडला. सरहद्दीवरून माणूस विहिरीचं विचारत होता. ती मुलगी ऐकून घेत उभी होती, मग म्हणाली, "दोन परूस आहे पाणी, मावशीनं सांगितलंय," आणि बसली. आता तिच्या बोलण्याला कुणी हसलं नाही.

जानेवारीत आम्ही संरक्षण निधीसाठी कार्यक्रम केला. डालड्याचा डबा चिल्लरीनं भरला. त्याचं फारसं आठवत नाही. परीक्षा मात्र आठवते. परीक्षक शेवटी आले, एका रविवारी. दादा परतले होते, पण त्यांनी मुद्दाम बाहेर बसून मला आत पाठवलं. सकाळपासून अकरा मुलांना मी ठेका दिला. मधे एकदा परीक्षकांनी विचारलं, "बाळ, तुझा नंबर कधी आहे?" मी म्हणाले, माझा गाण्याचा आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि गुरुजींना म्हणाले, पुढच्या सत्रात हिचा तबल्याचा फॉर्म भरा. मग मी उठून गायले. ठीक गायले.

निकाल फेब्रुवारीत टपालानं आला. मी गाण्यात पास झाले होते, काठावर. ताईला पहिली श्रेणी. पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी 'शरणार्थी सहायता' लिहिलेलं पाच पैशांचं जादा तिकीट होतं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी तेव्हा पाकिटांवर ते लावावं लागायचं. नानांनी वाटीत पाणी घेऊन ते अलगद सोडवलं, वाळवलं आणि माझ्या तालाच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवलं. वही माझ्याकडं आहे. डिंक पिवळा पडलाय, तिकिटाची एक कड उचलली गेलीय. त्याच्या खाली गुरुजींच्या अक्षरात तीनताल आहे. दिवे आल्यावर, १७ तारखेला, त्यांनी तो पहिल्यांदा मला लिहून दिला होता.